दिवसाला एक इंच

पाच फूट पाच इंच उंचीचा एक माणूस सरळ वर चढायला लागला आणि दिवसाला २१ किलोमीटर चढत राहिला, असं समजा. पहिला दिवस संपताना तो एकावर एक ठेवलेल्या दोन एव्हरेस्टच्याही वर असेल. अंतराळाची हद्द १०० किलोमीटरवर सुरू होते असं मानतात, ती तो पाचव्या दिवशी ओलांडेल. सातव्या दिवशी १४७ किलोमीटरवर पोचेल आणि तिथे त्याला एक जाळी लागेल. स्टीलची, गोल भोकांची, हात धुण्याच्या बेसिनच्या तळाशी असते तशीच.

जिवाणूंच्या मापानं ही चढाई खरोखर झालेली आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात डॉ. एमी मॅथर्स यांच्या गटानं अतिदक्षता विभागात असतात तशी पाच बेसिनं प्रयोगशाळेत ओळीनं बसवली आणि त्यांचं सांडपाणी एकाच पाइपात सोडलं. एका बेसिनखालच्या वळणात, म्हणजे आपले प्लंबर ज्याला ट्रॅप म्हणतात त्यात, हिरवे चमकणारे निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणू सोडले. चमक अशासाठी, की ते कुठे पोचले हे दिसावं. वॉर्डातल्या बेसिनमध्ये काहीबाही ओतलं जातं, तसं या बेसिनमध्येही जिवाणूंना पोसेल असं द्रव्य ओतत राहिले. जिवाणूंचा थर पाइपाच्या आतल्या भिंतीला धरून दिवसाला साधारण एक इंच वर सरकला आणि आठवड्यात जाळीपाशी येऊन ठेपला. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रोमीटर. ई. कोलायची लांबी साधारण दोन मायक्रोमीटर. म्हणजे दिवसाला स्वतःच्या लांबीच्या १२,७०० पट. वरच्या माणसाचे २१ किलोमीटर याच हिशोबातून आले. अर्थात एकच जिवाणू उठून चालत निघाला असं होत नाही. एक पिढी भिंतीला चिकटते, तिच्यावर दुसरी बसते, दुसरीवर तिसरी. चढतो तो थर.

प्रयोगातली खरी बातमी मात्र वेगापेक्षा पुढची आहे. जिवाणू खाली ट्रॅपमध्येच होते तोवर नळ कितीही सोडला तरी ते बाहेर उडाले नाहीत. जाळीपर्यंत पोचल्यावर मात्र नळाची धार जाळीवर आदळली की थेंबांबरोबर ते ३० इंचांपर्यंत, म्हणजे पाऊण मीटरभर, उडाले. शिवाय एकाच पाइपानं जोडलेल्या शेजारच्या बेसिनांमध्येही ते जाऊन पोचले. वर प्रत्येक बेसिन वेगळं दिसतं, खाली सगळ्यांचं घर एकच असतं.

आता त्या ट्रॅपविषयी. त्यात कायम पाणी साचलेलं असतं, साधारण पाव लिटरभर. ते मुद्दामच साठवलेलं असतं. गटाराचा वायू वर खोलीत येऊ नये म्हणून पाण्याचं हे बूच. १७७५ मध्ये लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं शौचकूपाखाली वळणदार पाइप बसवण्याचं पेटंट घेतलं, आणि अडीचशे वर्षं झाली तरी मूळ कल्पना तीच आहे. पाण्याची ही उंची किमान ५० मिलीमीटर ठेवायचा प्रघात आहे. दुर्गंधी थोपवायला पाच सेंटिमीटर पाणी पुरतं. पण कोमट, ओलसर, अंधारी आणि दिवसातून पन्नास वेळा खाऊपिऊ घालणारी जागा जिवाणूंना यापेक्षा चांगली कुठे मिळणार?

खाऊपिऊ हा शब्द मी गमतीनं वापरलेला नाही. कुठल्याही गजबजलेल्या वॉर्डात तासभर उभे राहा. सलाइनच्या बाटलीत उरलेलं डेक्स्ट्रोज, म्हणजे चक्क साखरेचं पाणी, बेसिनमध्ये जातं. नातेवाइकांच्या डब्यातलं वरण, गार झालेला चहा, दूध, नारळपाणी तिथेच जातं. मावशी स्पंजिंगचं पाणी तिथेच ओततात. आणि इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये उरलेलं अँटिबायोटिकही तिथेच. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात वाईट. मारण्याइतकं नाही, पण सवय लावण्याइतकं औषध रोज मिळालं, तर त्या गर्दीत टिकून राहतात ते औषधाला न जुमानणारेच.

गर्दी किती, याचा अंदाज यावा म्हणून हा हिशोब. पोषक वातावरणात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा तासांत तीस वेळा दुप्पट. एकाचे झाले १०७ कोटी. २००१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १०२ कोटी होती. म्हणजे संध्याकाळी आठला एक जिवाणू आणि सकाळी सहाला अख्खा देश. पाइपात ही आदर्श स्थिती नसते, वाढ बरीच मंद असते, हे मान्य. पण पाइपाला घाईही नसते. त्याच्याजवळ वर्षं असतात.

पाइपाच्या आत हात फिरवला तर जो बुळबुळीत थर लागतो, त्याला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. जिवाणूंनीच तयार केलेल्या चिकट पदार्थात ते गाडून घेऊन राहतात. मोकळ्या जिवाणूला मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट, काही वेळा हजार पट औषधही या थरातल्या जिवाणूला पुरत नाही. ब्लीच ओतलं तर ते काही सेकंदांत ट्रॅप ओलांडून पुढे जातं. वरचे मरतात, खालचे उरतात आणि काही दिवसांत थर पुन्हा भरून येतो. शिवाय इतक्या दाटीत राहणारे जिवाणू एकमेकांना जनुकं देतात. औषधप्रतिकाराची जनुकं बहुतेकदा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या गोलाकार तुकड्यांवर असतात आणि ते तुकडे एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतात. रुग्ण घरी जातो, पण त्याच्या अंगावरून आलेलं जनुक पाइपात राहतं. पुढे येणाऱ्या वेगळ्याच जिवाणूला ते आयतं मिळतं.

यातून माणसं मरतात का? टोरंटो जनरल हॉस्पिटलचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. डिसेंबर २००४ ते मार्च २००६ या काळात तिथल्या अतिदक्षता विभागात आणि अवयव प्रत्यारोपण विभागात ३६ रुग्णांना स्यूडोमोनास या जिवाणूच्या बहुऔषधप्रतिरोधक प्रकाराचा संसर्ग झाला. त्यातले १७ जण तीन महिन्यांच्या आत दगावले. त्यांपैकी १२ मृत्यूंमागे हा संसर्ग असावा, असा निष्कर्ष निघाला. शोध घेता घेता तपास पोचला तो हात धुण्याच्या बेसिनांपर्यंत. उथळ बेसिन, उंच नळ, धार थेट जाळीवर. बेसिनमध्ये चमकणारा रंग टाकून नळ सोडला, तर शिंतोडे किमान एक मीटरवर सापडले. त्या एका मीटरच्या आत रुग्णाची खाट होती आणि औषधं तयार करायची जागाही.

आधी जंतुनाशकं ओतून झाली, भाग बदलून झाले. साथ थांबेना. शेवटी बेसिनंच बदलली. धार जाळीवर पडणार नाही अशी तोटी, पाण्याचा दाब कमी, मध्ये आडोसा. साथ थांबली. ज्या बेसिनांवर डॉक्टर आणि परिचारिका संसर्ग टाळण्यासाठी हात धूत होते, त्याच बेसिनांमधून संसर्ग येत होता. त्यांच्या शिस्तीत खोट नव्हती, खोट नळाच्या कोनात होती.

दुसरी घटना जगातल्या सगळ्यात साधनसंपन्न संशोधन रुग्णालयातली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं, एनआयएचचं, बेथेस्डा इथलं क्लिनिकल सेंटर. जून २०११ मध्ये तिथे एक रुग्ण दाखल झाली. तिच्या शरीरात कार्बापेनेम गटाच्या, म्हणजे राखून ठेवलेल्या शेवटच्या फळीतल्या औषधांना दाद न देणारा क्लेब्सिएला नावाचा जिवाणू होता. हे आधीच माहीत असल्यामुळे तिला वेगळं ठेवलं, सगळी काळजी घेतली. जुलैच्या मध्यावर ती घरी गेली. तीन आठवडे काहीच घडलं नाही. मग ऑगस्टमध्ये दुसरा रुग्ण सापडला, आणि नंतर जवळपास दर आठवड्याला एक. एकूण १८ रुग्ण, ११ मृत्यू, त्यातले सहा थेट या जिवाणूमुळे. शास्त्रज्ञांनी प्रत्येक रुग्णाच्या जिवाणूचा सुमारे साठ लाख अक्षरांचा जीनोम वाचला आणि मोजक्या अक्षरांच्या फरकावरून कोणाकडून कोणाकडे संसर्ग गेला याचा माग काढला. जिवाणू बेसिनांच्या नाल्यांत सापडला, आणि स्वच्छ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही. भिंत बांधून वेगळा विभाग केला, हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडणारी यंत्रं आणली, नळकाम उखडलं.

त्याच संस्थेनं पुढे आणखी एक गोष्ट उघडकीला आणली. २००६ ते २०१६ या काळात तिथल्या १२ रुग्णांमध्ये स्फिंगोमोनास नावाचा एरवी क्वचित आढळणारा जिवाणू मिळाला होता. हे रुग्ण वेगवेगळ्या वर्षांतले, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. जीनोम वाचल्यावर समजलं की जिवाणू इमारतीच्या पाण्याच्या पाइपांमध्येच राहतो, आणि तोही ती नवी इमारत सुरू झाली तेव्हापासून, म्हणजे २००४-०५ च्या सुमारापासून. उद्घाटनाची फीत कापली गेली तेव्हा तो बहुधा आत येऊन बसलेला होता.

ही एकदोन रुग्णालयांची दुर्दैवी कहाणी आहे असं वाटत असेल तर आणखी एक आकडा पाहा. रुग्णालयातलं पाणी, नळ आणि नाल्या यांचा कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जिवाणूंशी संबंध दाखवणारे शोधनिबंध २०१७ मध्ये एका आढाव्यात गोळा केले, तेव्हा ते ३२ भरले. आणि हे ज्यांच्याकडे जीनोम वाचायची, नाल्या खरवडून तपासायची सोय आहे, त्यांचेच. जिथे ती सोय नाही तिथे आकडा शून्य येतो, आणि शून्य म्हणजे सारं आलबेल असा अर्थ लावायची आपल्याकडे जुनी खोड आहे.

आपल्याकडचं चित्र बघायचं तर मुंबईपासून सुरुवात करू. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जिवाणू तपासले. त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे नव्यानं माहीत झालेलं प्रतिकाराचं हत्यार सापडलं. मार्च २०१० मध्ये भारतीय फिजिशियनांच्या नियतकालिकात त्यांनी ते छापलं, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या गाजलेल्या लेखाच्या काही महिने आधी. त्यानंतर देशभर वाद पेटला तो या हत्याराला दिल्लीचं नाव (एनडीएममधलं 'एनडी' म्हणजे न्यू डेल्ही) का दिलं यावर. त्याच वर्षी शरदात दिल्लीतलं पाणी तपासलं गेलं, तेव्हा रस्त्याकडेला साचलेल्या आणि झिरपणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत या हत्याराचं जनुक मिळालं. नावावरून जेवढी शाई सांडली, त्याच्या दहाव्या हिश्शानंही पाइपांची चर्चा झाली नाही. आज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांमध्ये सापडणाऱ्या दहा अॅसिनेटोबॅक्टर जिवाणूंपैकी आठांहून जास्त कार्बापेनेमला दाद देत नाहीत.

जगाचा हिशोब लावला तर २०१९ मध्ये औषधप्रतिरोधक जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे. त्यातले जवळपास तीन लाख भारतातले. म्हणजे आपल्याकडे दर तासाला चौतीस. सध्याचाच कल पुढे चालू राहिला तर २०२५ ते २०५० या काळात जगात ३ कोटी ९० लाख, दर मिनिटाला जवळपास तीन. हा लेख तुम्ही बारा मिनिटांत वाचलात तर तेवढ्यात चौतीस-पस्तीस.

एवढे मोठे आकडे ऐकले की मन नव्या औषधाकडे धावतं. कुठल्यातरी प्रयोगशाळेत कुणीतरी ते शोधेल आणि आपण सुटू. पण २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच दुसरा एक हिशोब आला. त्यात प्रश्न असा होता, की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांमध्ये आज हाताशी असलेले उपाय नीट केले तर किती जीव वाचतील? उत्तर, वर्षाला सुमारे साडेसात लाख. लहान मुलांच्या लशींमुळे १ लाख ८१ हजार. वस्तीत सुरक्षित पाणी आणि स्वच्छतागृहं यांमुळे जवळपास २ लाख ४८ हजार. आणि सगळ्यात मोठा वाटा, ३ लाख ३७ हजार, नुसता रुग्णालयांतल्या संसर्ग-प्रतिबंधाचा: हात धुणं, उपकरणं निर्जंतुक करणं, स्वच्छता. दिवसाला नऊशेहून जास्त जीव. हे सगळे नळजोडणीमुळे वाचतील असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण हात धुवायचे कुठे, हा प्रश्न तर नळजोडणीचाच आहे.

रुग्णालयातून वाहणाऱ्या पाण्याचा पसारा बघितला की पाइप हे किरकोळ प्रकरण वाटेनासं होतं. शंभरहून अधिक खाटांच्या रुग्णालयाला दर खाटेमागे दिवसाला ४५० लिटर पाणी लागतं असं आपली बांधकाम संहिता धरते. हजार खाटा म्हणजे साडेचार लाख लिटर, दहा हजार लिटरचे ४५ टँकर, रोज. वर्षाला १६ कोटी लिटरांहून जास्त, म्हणजे ऑलिंपिक मापाचे ६५ तलाव. यातलं बहुतेक पाणी नळातून पडतं, कुणाच्या ना कुणाच्या अंगाला, जखमेला, भांड्याला लागतं आणि कुठल्या ना कुठल्या जाळीतून खाली जातं.

आता एकच अतिदक्षता विभाग घेऊ. माझा हिशोब ढोबळ आहे. दहा बेसिनं, प्रत्येक बेसिनचा नळ दिवसातून साठ वेळा सुटतो. वर्षाला २ लाख १९ हजार वेळा. हजारात ९९९ वेळा काहीही वाईट घडलं नाही तरी २१९ वेळा नको तो थेंब नको तिथे जाईल. एखाद्याच वेळी तो सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, तोंडाशी पडला तरी पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार आपल्यासारख्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या शंभरांपैकी पंधरांना तिथेच किमान एक संसर्ग होतो. श्रीमंत देशांत सात जणांना.

श्रीमंत देशांचंही फार कौतुक नको. डिसेंबर २०११ ते जानेवारी २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या नवजात शिशूंच्या कक्षांत स्यूडोमोनासनं चार बाळं गेली. तपासात बोट नळाच्या तोंडाशी बसवलेल्या भागांकडे गेलं. धार सरळ पडावी म्हणून बसवलेली ती बारीक जाळीदार पुडी जिवाणूंना राहायला उत्तम ठरली होती. ब्रिटनच्या नियमावलीत त्यानंतर पाइपाच्या शेवटच्या दोन मीटरांवर विशेष भर आला, कारण बिघाड बहुतेकदा तिथेच असतो. आणि तरीही ग्लासगोत ८४ कोटी पौंडांहून जास्त खर्चून २०१५ मध्ये उघडलेल्या भव्य रुग्णालयातून २०१८ मध्ये कर्करोगग्रस्त मुलांचे वॉर्ड दुसरीकडे हलवावे लागले. पाण्यात आणि बेसिनच्या नाल्यांत जिवाणू. पुढे सार्वजनिक चौकशी बसली.

ब्रिटनचे नियम सांगतात की गरम पाणी ६० अंशांवर साठवा, रुग्णालयात नळापाशी ते किमान ५५ अंश असू द्या, आणि गार पाणी २० अंशांच्या खाली ठेवा. मधल्या तापमानात जिवाणू फोफावतात. आता हा नियम घेऊन मे महिन्यात चंद्रपूरला जा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं 'गार' पाणी दुपारी हाताला चटका देतं. तिथे २० अंशांची अट म्हणजे थट्टाच. आपल्याला भिस्त ठेवावी लागेल ती दुसऱ्या दोन गोष्टींवर: पाणी कुठेही साचून राहू नये, आणि शेवटच्या नळापाशीसुद्धा क्लोरीनचा अंश शिल्लक असावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम धरलेला आहे. नूतनीकरणात बंद केलेल्या खोलीचा पाइप भिंतीत तसाच आंधळा सोडून द्यायचा, ही सवय मोडायला हवी. त्या आंधळ्या तुकड्यातलं पाणी वर्षानुवर्षं हलत नाही आणि चालू पाइपाला रोज जिवाणू पुरवत राहतं.

पाणी फार झालं तर धोका आणि संपलं तरी धोका, हे २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये दिसलं. हा औषधप्रतिकाराचा नव्हे, सार्सचा किस्सा आहे, पण ट्रॅपचा आहे म्हणून सांगतो. लोक न्हाणीघराच्या जमिनी धुण्याऐवजी पुसायला लागले होते. त्यामुळे जमिनीतल्या ट्रॅपमधलं पाणी आटलं, बूच गेलं. एक आजारी पाहुणा तिथलं शौचालय वापरून गेला. न्हाणीघरातल्या पंख्यांनी सांडपाण्याच्या पाइपातले तुषार घराघरांत ओढून घेतले. तीनशेहून जास्त जण आजारी पडले, ४२ मेले. आपल्या रुग्णालयांत वापरात नसलेल्या खोल्यांचे नहाणी ट्रॅप कोरडे पडतात, त्यात कोण पाणी ओततं? एक बादली, आठवड्यातून एकदा. खर्च शून्य.

नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या विद्यापीठ रुग्णालयानं तर बेसिनच काढून टाकलं. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या खोल्यांमध्ये नळ नाही, नाली नाही. हात अल्कोहोलनं, अंघोळ ओल्या पुसण्यांनी, औषध गिळायला बाटलीतलं पाणी. दर हजार रुग्णदिवसांमागे ग्रॅम-निगेटिव्ह (ई. कोलाय, स्यूडोमोनास यांच्या गटातले) जिवाणू सापडण्याचं प्रमाण २६.३ वरून २१.६ वर आलं. दोन आठवड्यांहून जास्त राहिलेल्या रुग्णांमध्ये घट साडेतीन पटींहून अधिक होती. जितके दिवस जास्त, तितका फायदा मोठा.

म्हणून आपणही उद्यापासून बेसिनं उखडायची का? अजिबात नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. जगातल्या जवळपास निम्म्या आरोग्य केंद्रांमध्ये रुग्णापाशी आणि स्वच्छतागृहापाशी हात धुण्याची प्राथमिक सोयदेखील नाही, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये सांगितलं. ३८५ कोटी माणसं अशा केंद्रांवर अवलंबून आहेत. त्यांपैकी ६८ कोटींहून अधिक लोकांच्या वाट्याला तर काहीच सोय नाही. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नळाला पाणी नाही तिथे नाली कशी असावी यावर चर्चा करणं क्रूरपणाचं आहे. पण म्हणूनच हा विषय आत्ता आपला आहे. नायमेखेननं बांधलेलं तोडलं. आपण अजून बांधतोय.

ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं: गडचिरोली, हिंगोली, वाशिम, भंडारा, बुलढाणा आणि इतर. शंभर विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचं रुग्णालय लागतं. एका रुग्णालयाचं दिवसाचं पाणी झालं १ लाख ८९ हजार लिटर. यातली कितीतरी बांधकामं अजून व्हायची आहेत. नळाची धार जाळीपासून चार बोटं बाजूला पडावी, हा बदल नकाशावर पेन्सिलच्या एका रेघेचा असतो. फरश्या बसल्यावर तो ब्रेकर मशिनचा होतो. बेसिन खोल असावं, त्याला वरचं भोक नसावं, औषधं तयार करायचा ओटा त्यापासून मीटरभर लांब असावा किंवा मध्ये आडोसा असावा, ट्रॅप उघडता येईल असा असावा, आणि घाण पाणी ओतायला वेगळी मोरी असावी. यात रॉकेटचं तंत्रज्ञान नाही. यात आयात करायचंही काही नाही.

अडचण वेगळीच आहे. रुग्णालयाचा नकाशा वास्तुविशारद करतो, तपासतो सार्वजनिक बांधकाम विभाग, नळजोडणी सर्वात कमी दराच्या ठेकेदाराकडे जाते, आणि संसर्ग नियंत्रण समितीची पहिली बैठक इमारत ताब्यात आल्यावर होते. काही रुग्णालयांत कार्बापेनेमचं एक इंजेक्शन लिहायला तज्ज्ञाची सही लागते, बेसिनची जागा ठरवायला कुणाचीच लागत नाही. माझं स्पष्ट मत असं की अतिदक्षता विभाग, नवजात शिशूंचा कक्ष आणि कर्करोग वॉर्ड यांच्या नळजोडणीच्या नकाशावर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची सही असल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये. आज आहे त्या इमारतींमध्ये निदान धार कुठे पडते ते बघून तोट्या बदलाव्यात. प्लंबरला हाताखालचा माणूस न समजता संसर्ग नियंत्रणाच्या बैठकीत खुर्ची द्यावी.

आणि नातेवाईक म्हणून तुमच्या-माझ्या हातात असलेलं एवढंच. रुग्णाच्या उशाशी बेसिन असेल तर टूथब्रश, औषधं, पाण्याची बाटली त्यापासून मीटरभर दूर ठेवा. डब्यातलं उरलेलं वरण, चहा, नारळपाणी, सलाइन त्यात ओतू नका, ते बेसिन फक्त हात धुण्यासाठी आहे. बाकीचं टाकायची मोरी कुठे आहे ते सिस्टरला विचारा. आणि ती नसेल, तर का नाही, हे रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी विचारा.